चिकपेटची न्हाणी

चिकपेटातलं जुनं घर रस्त्यावरून घर म्हणून ओळखूच येत नाही. समोर साड्यांचं दुकान, त्याच्या कडेला दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागेल एवढा बोळ, बोळाच्या तोंडाशी मीटरच्या पेट्या आणि लोंबणाऱ्या वायरी. आत चालत गेलं की एकाएकी वरून उजेड पडतो आणि कळतं, इथे चौक आहे, चौकाभोवती खोल्या आहेत आणि त्यांत कोणीतरी अजून नांदतंय. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या, मागची भिंत मागच्या गल्लीतल्या घराला टेकलेली. अशा घरातलं न्हाणीघर फोडून नवं करायचं ठरलं की घरची मंडळी टाइल्सचे रंग पसंत करत बसतात. गवंडी मात्र जमिनीकडे बघत एकच विचारतो: घाण पाणी बाहेर काढायचं कुठून?

उत्तर बहुधा एकच असतं. दुकानाच्या फरशीखालून, थेट रस्त्यापर्यंत. म्हणजे दुकान काही दिवस बंद ठेवायचं, आणि लग्नसराईत किंवा दिवाळीच्या तोंडावर साडीवाला ते ऐकून घेणार नाही. त्यामुळे चिकपेटात न्हाणीघराच्या कामाचा मुहूर्त पंचांगापेक्षा साड्यांच्या हंगामावरून निघतो.

ही अडवणूक आजची नाही. इथल्या न्हाणीची आणि संडासाची जागा घरमालकाने निव्वळ आपल्या मर्जीने ठरवली, असं फार क्वचित घडलं. शहरात पाणी कुठून आलं आणि शहरातला मैला कोणी, कुठल्या वाटेने नेला, यावर ती ठरत गेली. घरातल्या माणसाच्या हाती उरलं ते फक्त फरशीचं काम.

केंपेगौडांनी १५३७ मध्ये बंगळूरची पेठ वसवली. चार नांगरांना बैल जुंपून चार दिशांना सोडलं आणि ते जिथवर गेले तिथवर रस्ते आखले, ही कथा ज्या चौकाची सांगतात तो दोड्डपेठ आणि चिकपेट यांच्या छेदाचा चौक. आजचा अव्हेन्यू रोड म्हणजे ती दोड्डपेठ. भोवती कुंभारपेट, गाणिगारपेट, अक्कीपेट, तरगुपेट, बळेपेट अशी धंद्यांवरून नावं पडलेली वस्ती. सगळ्याभोवती मातीचा तट, खंदक आणि काटेरी कुंपण. तटाच्या आतली जमीन मोलाची, म्हणून दर्शनी भाग अरुंद आणि घर मागे लांबच लांब. दर्शनी वाव दुकानाचा, मागचा संसाराचा. आजच्या प्लंबरची डोकेदुखी या आखणीतच पेरलेली होती.

मराठी वाचकाला ही पेठ परकी वाटायचं कारण नाही. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे विजापूरकरांच्या वतीने इथे आले आणि पुढे बंगळूर त्यांच्या जहागिरीचं ठाणं झालं. त्यांचा गौरी महाल चिकपेटच्याच परिसरात होता असं सांगितलं जातं. आज त्याची खूण उरलेली नाही. जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ लिहिला तो याच दरबारात, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो १९२२ मध्ये छापून महाराष्ट्रापुढे ठेवला. एकोजीराजे तंजावरला गेल्यावर शहर आधी मोगलांच्या आणि मग म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हाती गेलं. व्यवहार तीन लाखांचा झाला, असं इतिहासात नोंदलेलं आहे. मराठी माणसं मात्र राहिली. भावसार, नामदेव शिंपी, मराठे अशी कुटुंबं कापड, रंगकाम आणि शिवणकाम यांच्या आधाराने पेठेत रुजली. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि न्हाणीघर अर्थातच शेजाऱ्यांसारखं.

शेजारी त्याला ‘बच्चल मने’ म्हणत. चौकाच्या मागच्या कोपऱ्यात, ठेंगण्या दाराची, धुराने काळी पडलेली एक खोली. एका बाजूला पाणचूल, तिच्यावर मातीने लिंपून कायमचा बसवलेला तांब्याचा हंडा. हंड्याचं तोंड रुंद, पोट चुलीत बुडालेलं. शेजारी गार पाण्याचं दगडी टाकं. बसायला ग्रॅनाइटची एक फरशी, तिला एका कडेला उतार, उताराच्या टोकाला पन्हळ कोरलेली आणि भिंतीत मुठीएवढं भोक. भोकातून पाणी बाहेर जाई. परस असेल तिथे केळीच्या आळ्यात, नसेल तिथे गल्लीच्या उघड्या गटारात. जळणाला लाकूड, नारळाची सोडणं, करवंट्या, वखारीतला भुसा, जे मिळेल ते. सकाळी एकदा चूल पेटली की घरातल्या शेवटच्या माणसाची अंघोळ होईपर्यंत तीच पुरवायची. पूजा करणाऱ्याचा नंबर पहिला, म्हणून कडकडीत पाणी त्याला. पोरांच्या वाट्याला कोमट.

या खोलीत अंघोळीखेरीज आणखी बरंच काही चाले. धुण्याचा दगड तिथेच. चुलीतली राख तिथूनच भांडी घासायला जाई. आठवड्याला तेल लावून शिकेकाईने न्हायचं, तेव्हा ती खोली सकाळभर अडकलेली असे. बाळंतीण असली तर तिच्या न्हाण्याला हंडाभर पाणी वेगळं तापे, आणि बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी बाई त्या फरशीवर पाय पसरून बसे. नंतर आलेल्या, चार फूट बाय सहा फुटांच्या, कमोड आणि शॉवर कोंबलेल्या बाथरूममध्ये बाळाला न्हाऊ घालायचं कसं, हा प्रश्न टाइल्सच्या कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसतो.

हंड्याचा मान वर्षातून एका दिवशी उघड दिसे. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी कर्नाटकात ‘नीरु तुंबो हब्ब’ असतो, पाणी भरण्याचा सण. न्हाणी धुऊन रांगोळी काढायची, हंडा चिंचेने घासून लखलखीत करायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, गळ्यात फुलांची माळ घालायची आणि ताजं पाणी भरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पाण्याने अभ्यंगस्नान. महाराष्ट्रात बंबाभोवती आणि घंगाळाभोवती रांगोळी काढतात, तेव्हा पेठेतल्या मराठी घरांना हे नवं नव्हतं. गीझर आल्यावर काही घरांत हळदकुंकवाची बोटं गीझरच्या पांढऱ्या अंगावर उमटू लागली. हसण्यासारखं त्यात काही नाही. पाणी तापवणाऱ्याचा मान त्यांनी चालू ठेवला एवढंच.

संडासाची गोष्ट अशी कौतुकाने सांगता येत नाही.

रायगडावरच्या राणीवशात शौचकूप बांधलेले दिसतात, म्हणजे सतराव्या शतकात ही सोय कोणाला सुचली नव्हती असं नाही. परवडत होती ती गडावर आणि वाड्यात. सामान्य माणूस तटाबाहेर, तळ्याच्या काठी, मोकळ्या रानात जाई. बायका उजाडायच्या आत जाऊन येत. वस्ती दाटली, रान दूर गेलं, तसा घराच्या शेवटच्या टोकाला टोपलीचा संडास आला. दोन दगड, मध्ये भोक, खाली टोपली किंवा डबा, आणि मागच्या बाजूला टोपली ओढून घेण्यापुरतं लहान दार. ते दार दोन घरांमधल्या चिंचोळ्या सांदीत उघडे. तिथून जातीने या कामाला जुंपलेली माणसं येत, टोपली उचलून डोक्यावर घेत आणि जात. घरातल्यांना त्यांचा चेहरा दिसू नये, अशीच ती रचना होती. मुंबईत दोन इमारतींमधल्या ज्या ‘हाउस गल्ल्या’ अजून दिसतात, त्या याच कामासाठी सोडलेल्या. तिथे या सेवेसाठी हलालखोर नावाचा करही घेतला जाई. पेठेत अनेक ठिकाणी सांद सोडण्याएवढीही जागा नव्हती. मागे सांद नसली की टोपली पुढच्या बोळातूनच जाणार, हे सांगायला नको.

१८६२ मध्ये बंगळूरच्या पेठेसाठी नगरपालिका झाली. तोवर पाणी म्हणजे घरची विहीर किंवा धर्मांबुधी आणि संपंगीसारखी तळी. धर्मांबुधीच्या जागी आज केंपेगौडा बसस्थानक आहे, संपंगीच्या जागी कंठीरव स्टेडियम. पेठेतल्या विहिरीच्या शेजारी उघडं गटार आणि गटाराशेजारी संडास, ही जोडी आरोग्याला काय करत असेल याचा अंदाज बांधायला डॉक्टर लागत नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने तळ्यांची हमी किती, तेही दाखवून दिलं. दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत मग अर्कावती नदीवर हेसरघट्टा इथे मोठा तलाव उभा राहिला. शहर उंचावर, तलाव खाली. म्हणून सोलदेवनहळ्ळीला वाफेच्या इंजिनांनी पाणी वर चढवायचं आणि पाइपांनी शहरात आणायचं. चामराजेंद्र वॉटर वर्क्स या नावाने १८९६ मध्ये हे पाणी बंगळुरात आलं. मुंबईला विहारचं पाणी १८६० मध्येच मिळालं होतं.

नळ आला, पण न्हाणीत आला नाही. आधी गल्लीच्या कोपऱ्यावर आला, मग ऐपतदारांच्या चौकात. पाण्याला जोर कमी, त्यामुळे नळ जितका खाली आणि रस्त्याच्या जितका जवळ तितका बरा. जुन्या घरांत चौकाच्या पुढच्या अंगाला गुडघाभर खड्डा आणि त्यात वाकून उघडायची तोटी दिसते, ती त्या काळच्या पाण्याच्या जोराची निशाणी. तिथून घागरी भरून मागे न्हाणीत न्यायच्या. म्हणजे काम वाचलं ते विहिरीतून शेंदण्याचं. वाहून नेण्याचं होतं तेवढंच राहिलं, आणि ते बायकांच्याच कमरेवर. शिवाय नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर असतो, तर हे पाणी सोवळ्यात चालेल का, असे वाद त्या काळात हिंदुस्थानात जागोजागी झाले. विहिरी म्हणूनच लगेच बुजल्या नाहीत. नळाचं पाणी वापरायला, विहिरीचं देवाला, अशी वाटणी बरीच वर्षं चालली.

दोनच वर्षांनी, ऑगस्ट १८९८ मध्ये, प्लेग आला. मुंबई-पुण्यात त्याने आधीच थैमान घातलं होतं. पुण्यात रँडचा खून होऊन वर्ष उलटलं होतं. बंगळूरला तो हुबळीकडून रेल्वेने आला आणि दाट पेठेत पसरायला त्याला वेळ लागला नाही. म्हैसूर सरकारने प्लेग कमिशनर म्हणून व्ही. पी. माधवराव यांना नेमलं. हे पुढे त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. घराणं तंजावरी मराठी, आडनाव पाटणकर. घरं रिकामी करणं, चुना फासणं, कौलं उतरवून आणि भिंतींना भोकं पाडून अंधाऱ्या खोल्यांत उजेड घेणं, हे सगळं पेठेने पाहिलं. पेठेतल्या न्हाण्यांना आणि मागच्या खोल्यांना पडलेल्या कित्येक वेड्यावाकड्या खिडक्यांची सुरुवात अशा फर्मानांत आहे.

ज्यांना शक्य होतं ते बाहेर पडले. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या नव्या वसाहती प्लेगच्या त्या वर्षांत भरू लागल्या. सरळ रस्ते, सुटे प्लॉट, घराभोवती मोकळी जागा, आणि घरांच्या दोन रांगांच्या मधोमध, पाठीमागे, एक अरुंद गल्ली. ही गल्ली मैला नेणाऱ्यांसाठी मुद्दाम आखलेली. बंगळूरकर तिला आजही कन्झर्व्हन्सी लेन म्हणतात. नव्या वसाहतीचं मोठं कौतुक झालं ते तिच्या हवेचं आणि झाडांचं. खरा फरक त्या मागच्या गल्लीत होता. पेठेत जी माणसं पुढच्या बोळातून जात होती त्यांना मल्लेश्वरमने पाठीमागचा रस्ता दिला. काम तेच राहिलं, डोकंही तेच. आणि चिकपेटात मागे राहिली ती दुकानं, गोदामं, दुकान सोडून जाणं न परवडणारी कुटुंबं आणि हळूहळू वाढत गेलेले भाडेकरू. एका चौकात चार बिऱ्हाडं झाली की न्हाणी चौघांत आणि संडास दहाजणांत.

पुढची पंचवीस-तीस वर्षं बाहेरून चकचकाटाची आहेत. ५ ऑगस्ट १९०५ रोजी शिवनसमुद्रच्या विजेवर बंगळूरचा पहिला रस्त्यावरचा दिवा लागला तो सिटी मार्केटापाशी, म्हणजे चिकपेटच्या अगदी दाराशी. पहिल्या महायुद्धात चंदनाचं लाकूड परदेशी जाणं अडलं, तेव्हा नाल्वडी कृष्णराज वोडेयर आणि विश्वेश्वरय्या यांनी बंगळुरात सरकारी साबण कारखाना काढला. एस. जी. शास्त्री यांना साबणाचं शास्त्र शिकायला इंग्लंडला पाठवलं आणि त्यातून म्हैसूर सॅंडल सोप निघाला. पेठेतल्या काळ्याकुट्ट न्हाणीत ती अंडाकार वडी आली, तेव्हा तिथली ती पहिली देखणी वस्तू असावी. मुंबईत १९२२ मध्ये भारत टाइल्स कंपनी निघाली आणि स्वदेशी सिमेंटच्या नक्षीदार फरश्या दिवाणखान्यांत बसू लागल्या. न्हाणीच्या वाट्याला मात्र काव मिसळलेल्या सिमेंटची लाल, घोटून गुळगुळीत केलेली जमीन आली. सुकी असताना ती आरशासारखी दिसायची आणि ओली झाली की घरातल्या म्हाताऱ्यांना पाडायची.

खरा बदल जमिनीखाली होता आणि तो संथ होता. १९२२ च्या सुमाराला शहराच्या मध्यभागात भुयारी गटारांचं काम सुरू झालं. सगळ्या शहराचा विचार करणारी योजना हाती घ्यायला १९५० उजाडलं. लंडनने टेम्सच्या दुर्गंधीला कंटाळून १८५८ नंतर जे केलं, ते इथे तुकड्यातुकड्याने होत होतं. दरम्यान हेसरघट्टा १९२५ मध्ये आटला. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण आलं. १९४९ मध्ये पेठ आणि इंग्रजांची छावणी असलेलं कॅन्टोन्मेंट यांची एकच महानगरपालिका झाली, १९६४ मध्ये पाणी आणि मलनिःसारणासाठी वेगळं मंडळ. फ्लशच्या संडासाला दोन गोष्टी लागतात, खाली गटार आणि वर पाणी. चिकपेटाला पहिली मिळाली तेव्हा दुसरी पुरेशी नव्हती. म्हणून गटार आलं तरी कित्येक घरांनी भिंतीवर उंच लोखंडी टाकी आणि साखळी बसवली ती शोभेला. पाणी बादलीनेच ओतलं जाई.

आणि गटार जिथे पोहोचलं नाही तिथे टोपली चालूच राहिली. महाराष्ट्रात १९४९ मध्ये मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करायला बर्वे समिती नेमली. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन स्वतः मैला उपसून, त्याचं खत करून दाखवत होते. अहवाल आले, प्रयोग झाले, टोपल्या फारशा कमी झाल्या नाहीत. कर्नाटकात देवराज अरस यांच्या मंत्रिमंडळात नगरप्रशासन खातं बी. बसवलिंगप्पा यांच्याकडे आलं. स्वतः दलित असलेल्या या मंत्र्याने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर राज्यात बंदी घातली. १९७६ मध्ये आय. पी. डी. सालप्पा समितीने सफाई कामगारांच्या नोकरीबद्दल आणि घरांबद्दल शिफारशी केल्या. बंदी हुकमाने एका दिवसात पाळली गेली असं समजायचं कारण नाही. बंगळूरपासून शंभर किलोमीटरवरच्या कोलार गोल्ड फील्ड्समध्ये कोरडे संडास त्यानंतरही चालू होते; तिथेच वाढलेल्या बेझवाडा विल्सन यांनी त्याविरुद्ध देशव्यापी चळवळ उभी केली आणि २०१६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याविरुद्धचा देशाचा कायदा १९९३ चा, त्यानंतरचा नवा २०१३ चा.

चिकपेटातल्या घरमालकांनी सत्तरच्या दशकात संडास बदलले, त्याला घराचं नूतनीकरण म्हणतात. पण त्यांतल्या बहुतेकांना वेळ आली होती म्हणून ते बदलावे लागले. एखाद्या घरात शंभर वर्षांत न्हाणीघराचं कितीही काम निघालं असो, त्यातलं सर्वांत मोठं काम म्हणजे सांदीतलं ते लहान दार विटा लावून बंद केलं गेलं, ते. त्याला थोड्याच विटा लागल्या असतील, आणि सात-आठ दशकं.

नळाच्या पाण्याने वरचा मजला पाहिला तो कावेरीमुळे. १९७४ मध्ये कावेरीचं पाणी बंगळुरात पोहोचलं. शंभर किलोमीटरवरून, सुमारे पाचशे मीटर उंच चढवून. पाणी आलं, पण दिवसाआड, ठरावीक तास. म्हणून घरोघरी जमिनीत संप खणले गेले. संप म्हणजे भुयारी टाकी, बंगळूरकराच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. संपातून मोटरने गच्चीवरच्या टाकीत, टाकीतून खाली नळाला. हे वर्तुळ पुरं झालं तेव्हा हंडा हलला. न्हाणीच्या चुलीची जागा आधी विजेच्या गीझरने घेतली, मग अनेक गच्च्यांवर सौर बंब आले. बंगळुरात ते इतर शहरांच्या मानाने कितीतरी लवकर आणि मोठ्या संख्येने दिसू लागले. तांब्याचा हंडा पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात वजनावर मोडला गेला. ठाण्याच्या जॉन्सनच्या पांढऱ्या चकाकत्या टाइल्स भिंतींवर छातीएवढ्या उंचीपर्यंत चढल्या. पुढे मोरबीच्या टाइल्स छतापर्यंत गेल्या.

आज असं न्हाणीघर मुळापासून फोडायला घेतलं तर काय निघतं, हे पेठेत काम केलेल्या कुठल्याही गवंड्याला तोंडपाठ असतं. वर दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल. तिच्याखाली सिमेंट, त्याखाली लाल काव, आणि सगळ्यांत खाली जुनी ग्रॅनाइटची फरशी, पन्हळीसकट. गवंडी तिला हात लावायला तयार नसतो. ती चार माणसांना उचलत नाही हे एक कारण. दुसरं असं की भिंत तिच्यावर उभी असते. भिंती मातीच्या आणि पातळ विटांच्या, चुन्यात बांधलेल्या, हातभर जाड. नळ भिंतीत गाडायचे म्हणून तिला यंत्राने चर पाडला की माती भुसभुस गळायला लागते. शहाणा प्लंबर अशा घरात पाइप भिंतीवरून नेतो आणि पुढे सहा इंचांची नवी विटांची आडभिंत उभी करतो. जागा जाते, घर टिकतं. जुने जीआय पाइप कापून पाहिले तर आतली वाट गंजाने बंद होऊन पेन्सिलीएवढी उरलेली असते. वर्षानुवर्षं ज्याला ‘कावेरीला जोर नाही’ म्हणत आलो, त्यातला निम्मा दोष घरातच सापडतो.

वरच्या मजल्यावर न्हाणी हवी असेल तर प्रकरण नाजूक. जुनं छत मद्रास टेरेसचं: सागवानी वासे, त्यांवर चुन्यात उभ्या रचलेल्या पातळ विटा, वर चुन्याचा कोबा. ओल लागली की वासा मध्ये कुजत नाही. भिंतीत जिथे त्याचं टोक शिरलेलं असतं तिथे कुजतो, म्हणजे नेमका दिसत नाही तिथे. म्हणून जाणता माणूस वासे वाचवून न्हाणीपुरता काँक्रीटचा वेगळा तुकडा, वेगळ्या खांबांवर ओततो, तो नऊ-दहा इंच खाली दाबतो, न्हाणी ट्रॅप आणि पाइप त्या खड्ड्यात बसवतो. चार इंची पाइपाला फुटामागे साधारण पाव इंच उतार. मग वॉटरप्रूफिंग, आणि तोंडं बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवणं. घाईत वगळलं जातं ते नेमकं हेच पाणी भरून ठेवणं, आणि सहा महिन्यांनी खालच्या दुकानातल्या साड्यांच्या गठ्ठ्यावर पिवळा डाग उमटतो.

२०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरात पाण्याची ओरड झाली. पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी गाड्या धुवायला वापरलं तर दंड लावला, आणि मॉल, हॉटेलं, मोठ्या इमारती यांना नळांवर एरेटर बसवायची सक्ती केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला. एस.जे.पी. रोडच्या नळ-पाइपांच्या बाजारात आता गिऱ्हाईक शॉवरचं तोंड किती मोठं हे विचारण्याआधी मिनिटाला किती लिटर हे विचारू लागलंय. निदान काही गिऱ्हाइकं तरी.

चिकपेटात मात्र कामाचा आकडा अजून एका गोष्टीवर फिरतो. रस्त्यावर डांबराचे आणि काँक्रीटचे थर चढत गेले, जुन्या घरांची जोती होती तिथेच राहिली. मोठ्या पावसात रस्त्यावरचं चेंबर तुंबलं की पाणी उलटं फिरून तळमजल्याच्या न्हाणीत येतं. त्यावर दोन उपाय. बाहेर जाणाऱ्या पाइपावर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवायचा, जो दर पावसाळ्यापूर्वी उघडून साफ करावा लागतो आणि कोणी करत नाही. किंवा न्हाणीची सगळी जमीन फूट-दीड फूट उचलायची. बहुतेक घरं दुसरा उपाय घेतात. पाणी येत नाही. मग घरातल्या आजींसाठी दाराला लागून दोन पायऱ्या करायच्या, पायरीवर खरबरीत दगड लावायचा आणि हाताला धरायला भिंतीत स्टीलचा दांडा ठोकायचा. जुनी भिंत मातीची असल्याने तो दांडा तिथे ठरत नाही. त्यासाठी पुन्हा विटांची आडभिंत.